ढगांची दिशा : वारा, पृथ्वीचे परिवलन आणि रत्नागिरीचे आकाश

जुलै महिन्यात पावसाची एखादी सर ओसरते, ढगांच्या दाट आवरणात थोडी फट पडते आणि रत्नागिरीच्या आकाशात एकाच वेळी दोन प्रवास दिसू लागतात. खालचे काळसर, फाटक्या कडांचे ढग समुद्रावरून येऊन सह्याद्रीच्या दिशेने घाईने निघालेले असतात. फटीतून दिसणारे उंचावरचे पांढरे, तंतूंसारखे ढग मात्र त्याच्या नेमके उलट, म्हणजे पूर्वेकडून समुद्राकडे सरकत असतात. गाव एक, आकाश एक, पायाखाली फिरणारी पृथ्वीही एकच. मग ढगांच्या दिशा दोन का?

ढग ज्या उंचीवर असतो, त्या उंचीवरच्या वाऱ्याबरोबर तो जातो, हे या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर. पृथ्वीचे परिवलन ढगाला स्वतंत्रपणे ढकलत नाही. ते वाऱ्याला वळण लावते आणि ढग त्या वळलेल्या वाऱ्याचा प्रवासी असतो. हा साधा भेद लक्षात घेतला, तर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा मार्ग, घाटमाथ्यावरची अतिवृष्टी आणि कोकणावर येणाऱ्या चक्रीवादळांचे वर्तन या तिन्ही गोष्टींची उकल एकाच सूत्राने होऊ लागते.

ढग पृथ्वीच्या मागे का राहत नाहीत?

पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण करते. या गतीमुळे विषुववृत्तावरील प्रत्येक ठिकाण ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे हा वेग ताशी १६०० किलोमीटरच्या आसपास, तर दिल्लीत ताशी १४७० किलोमीटरच्या आसपास भरतो. जमीन एवढ्या वेगाने पूर्वेकडे जात असेल, तर वर तरंगणारे ढग मागे पडून सतत पश्चिमेकडे जाताना दिसायला हवेत, अशी शंका शाळकरी मुलांप्रमाणेच अनेक सुशिक्षितांनाही येते.

तसे होत नाही, कारण हवा पृथ्वीचाच भाग आहे. गुरुत्वाकर्षणाने ती पृथ्वीला बांधलेली आहे आणि जमिनीशी व समुद्राशी होणाऱ्या घर्षणामुळे ती पृथ्वीबरोबरच फिरते. कोकण रेल्वेच्या धावत्या डब्यात बसल्या जागी वर उडवलेले नाणे मागच्या बाकावर न पडता पुन्हा हातात येते, कारण उडवण्यापूर्वीच नाण्याला गाडीचा वेग मिळालेला असतो. हवेचेही तसेच आहे. ती खरोखरच मागे राहिली असती, तर रत्नागिरीत बारा महिने ताशी १६०० किलोमीटरचा पूर्वेचा वारा वाहिला असता. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या होतात, हे पाहिले म्हणजे या कल्पनेतील अशक्यता लक्षात येते.

ज्याला आपण वारा म्हणतो, ती हवेची पृथ्वीच्या सापेक्ष असलेली हालचाल आहे. पृथ्वीच्या प्रचंड वेगाच्या तुलनेत ती अगदी किरकोळ असते. ढगातील पाण्याचे थेंब साधारणपणे एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे असतात आणि सेकंदाला जेमतेम एखादा सेंटिमीटर या गतीने खाली येतात. इतक्या हलक्या थेंबांना स्वतःची अशी दिशा नसते. हवा नेईल तिकडे ते जातात. म्हणूनच ढग हा उंचावरील वाऱ्याचा सर्वांत सोपा दर्शक ठरतो.

वाऱ्याला मिळणारे वळण

हवेचा दाब सर्वत्र सारखा नसतो, म्हणून वारा वाहतो. जमीन तापली की तिच्यावरील हवा विरळ होते, तेथील दाब उतरतो आणि जास्त दाबाच्या प्रदेशातून हवा त्या बाजूला ओढली जाते. पृथ्वी स्थिर असती, तर हा वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ गेला असता. फिरत्या पृथ्वीवर मात्र तो उत्तर गोलार्धात आपल्या मार्गाच्या उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो.

या वळणाचा शोध टप्प्याटप्प्याने लागला. एडमंड हॅले यांनी १६८६ मध्ये व्यापारी वारे आणि मोसमी वारे यांचा नकाशा प्रसिद्ध केला व त्यांचे मूळ सूर्याच्या उष्णतेत शोधले. पृथ्वीच्या परिवलनाची जोड या विचाराला जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये दिली. विषुववृत्ताकडून उत्तरेला निघालेली हवा पूर्वेकडे जाण्याचा जादा वेग बरोबर घेऊन येते, त्यामुळे ती उजवीकडे झुकते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. फ्रेंच गणिती गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये फिरत्या यंत्रांचा अभ्यास करताना या परिणामाचे गणित मांडले. त्यांच्या डोळ्यांसमोर वातावरण नव्हते, तरी हा परिणाम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे अमेरिकेचे विल्यम फेरेल यांनी १८५६ च्या सुमारास वाऱ्यांच्या अभ्यासात त्याचा उपयोग केला. हॅडली यांचे स्पष्टीकरण उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वाऱ्यांपुरते होते. प्रत्यक्षात पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या वाऱ्यालाही तेवढेच वळण मिळते.

हे वळण किती असते? विषुववृत्तावर ते शून्य असते आणि ध्रुवांकडे जावे तसे वाढत जाते. रत्नागिरीच्या अक्षांशावर ताशी ३६ किलोमीटर वेगाने निघालेल्या हवेचा हिशेब करून पाहता येतो. पहिल्या एका मिनिटात ती ६०० मीटर पुढे जाते आणि केवळ पाऊण मीटरच्या आसपास उजवीकडे सरकते. एका तासात मात्र ३६ किलोमीटरच्या प्रवासात हे सरकणे पावणेतीन किलोमीटरच्या घरात जाते. इतर कोणतेही बल नसेल, तर सहा तासांत तिची दिशा ५० अंशांहून अधिक बदलते आणि सुमारे ४१ तासांत ती पूर्ण वर्तुळ फिरून येते.

या आकड्यांवरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. परिवलनाचा परिणाम दिसायला वेळ आणि अंतर लागते. मोरीतून जाणारे पाणी पृथ्वीच्या परिवलनामुळे एका विशिष्ट दिशेने फिरते, हा लोकप्रिय समज त्यामुळेच चुकीचा आहे. दहा-वीस सेकंदांत हे बल काहीही करू शकत नाही. तेथे भांड्याचा आकार आणि पाण्याला आधी मिळालेला धक्काच निर्णायक ठरतो. उन्हाळ्याच्या दुपारी मांडवीच्या किनाऱ्यावर दिसणारा कापसाच्या पुंजक्यासारखा छोटा ढगही बऱ्याचदा अर्ध्या तासात विरून जातो. त्याला स्वतंत्रपणे वळायला सवडच नसते. मात्र त्याला वाहून नेणारा वारा शेकडो किलोमीटरवरून वळत-वळत आलेला असतो.

मोठ्या अंतरावर हवेच्या दाबाची ओढ आणि कोरिऑलिस बल यांचा जवळजवळ समतोल साधला जातो. वारा कमी दाबाच्या केंद्राकडे थेट न धावता त्याच्या कडेने वाहू लागतो. डच हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी १८५७ मध्ये यावरून एक सोपा नियम सांगितला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता कमी दाबाचे क्षेत्र डाव्या हाताला असते. रत्नागिरीत जूनमध्ये नैऋत्येच्या वाऱ्याकडे पाठ केली, तर डावा हात वायव्येकडे येतो आणि राजस्थान-सिंधच्या तापलेल्या भूमीवरील कमी दाबाचे विस्तीर्ण क्षेत्र खरोखरच त्या दिशेला असते.

मोसमी ढगांचा लांबचा प्रवास

कोकणात पाऊस आणणाऱ्या हवेचा प्रवास अरबी समुद्रात सुरू होत नाही. तिचे मूळ दक्षिण गोलार्धात, मादागास्करच्या पूर्वेस व आग्नेयेस हिंदी महासागरावर असलेल्या जास्त दाबाच्या क्षेत्राकडे जाते. मस्करीन बेटांवरून त्याला नाव मिळाले आहे. तेथून उत्तरेकडे निघालेली हवा दक्षिण गोलार्धाच्या नियमाप्रमाणे डावीकडे वळते आणि आग्नेय व्यापारी वारा बनते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ ती विषुववृत्त ओलांडते. पलीकडे जाताच नियम उलटतो. आता वळण उजवीकडे असते. पूर्व आफ्रिकेच्या उंच पठाराचा बांध तिला पश्चिमेकडे पसरू देत नाही. आग्नेय वारा पाहता पाहता नैऋत्य वारा होतो.

सोमालियाच्या किनाऱ्यालगत या वाऱ्याला फार जोर येतो. साधारण दीड किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या या अरुंद आणि वेगवान प्रवाहाला सोमाली झोतवारा म्हणतात. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ जे. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. अरबी समुद्र ओलांडताना ही हवा बाष्पाने भरते आणि कोकणावर येईपर्यंत तिची दिशा बहुतांशी पश्चिमेची झालेली असते. पाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून आलेला तो वारा जूनच्या पूर्वार्धात रत्नागिरीच्या किनाऱ्याला भिडतो.

पृथ्वी फिरत नसती तर हा प्रवास असा झालाच नसता. हवा दक्षिणेकडून उत्तरेकडे सरळ गेली असती आणि सह्याद्रीच्या भिंतीला समांतर वाहिली असती. पश्चिमेकडून येऊन त्या भिंतीवर ती आडवी आदळते, हे परिवलनाचेच देणे आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, त्यामागे समुद्राचे सान्निध्य आहे, सह्याद्रीची उंची आहे आणि तितकेच वाऱ्याचे हे वळणही आहे.

एकाच आकाशात दोन दिशा

आता सुरुवातीच्या दोन दिशांकडे वळता येईल. पावसाळ्यातील मोसमी वारा जमिनीपासून काही किलोमीटर उंचीपर्यंतच पश्चिमेचा असतो. त्याच्या वर तो मंदावत जातो आणि आणखी वर दिशा उलटते. साधारण १४ ते १६ किलोमीटर उंचीवर दक्षिण भारतावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे एक वेगवान वारा वाहतो. अनेकदा त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. पूर्वेचा उष्णकटिबंधीय झोतवारा म्हणून तो ओळखला जातो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याच्याकडे जगाचे लक्ष वेधले.

या वाऱ्यामागेही परिवलनच आहे. उन्हाळ्यात तिबेटचे पठार आणि त्याच्या सभोवतालची हवा फार तापते. त्यामुळे खूप उंचावर तेथे जास्त दाबाचे क्षेत्र तयार होते. त्यातून बाहेर पडणारी हवा उजवीकडे वळत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागते. अशा चक्राच्या दक्षिण बाजूला वारा पूर्वेकडून वाहतो आणि रत्नागिरी त्याच दक्षिण बाजूला येते. बर्फकणांचे बनलेले तंतुमेघ आणि गडगडाटी ढगांच्या माथ्यावरचे पांढरे पसारे या वाऱ्याबरोबर अरबी समुद्राकडे ओढले जातात. खालचे ढग सोमालियाची वार्ता घेऊन येतात, तर वरचे तिबेटची.

ऋतू बदलला की हे चित्रही बदलते. हिवाळ्यात याच उंचीवर पश्चिमेचे वारे असतात आणि तंतुमेघ पूर्वेकडे जातात. मान्सून परतू लागतो त्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काळात मधल्या उंचीवरचे वारे बहुधा पूर्वेचे असतात. दुपारी सह्याद्रीवर उंच वाढलेले गडगडाटी ढग मग संध्याकाळी घाट उतरून कोकणाकडे येतात. जूनमध्ये समुद्राकडून येणारा पाऊस ऑक्टोबरात डोंगराकडून येतो, हा कोकणवासीयांचा अनुभव वाऱ्याच्या या पालटाचाच पुरावा आहे.

किनारा, डोंगर आणि जमिनीचे घर्षण

मोठ्या वाऱ्यांच्या जोडीला स्थानिक वारेही असतात. पावसाळ्याबाहेरच्या दिवसांत सकाळी जमीन तापू लागली की समुद्रावरून खारे वारे सुरू होतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. खारा वारा प्रथम किनाऱ्याला काटकोनात, म्हणजे रत्नागिरीत पश्चिमेकडून येतो. तो काही तास टिकला की परिवलनाचा परिणाम जाणवू लागतो आणि दुपारनंतर त्याची दिशा उजवीकडे झुकून वायव्येची होत जाते. उन्हाळ्यात दुपारच्या वायव्य वाऱ्याला इतर कारणांबरोबर हेही एक कारण आहे.

जमिनीजवळ घर्षणामुळे वाऱ्याचा वेग घटतो. वेग घटला की वळवणारे बलही घटते आणि वारा कमी दाबाकडे अधिक तिरका वाहू लागतो. त्यामुळे जमिनीवरचा वारा आणि ढगांच्या उंचीवरचा वारा यांच्या दिशेत काही अंशांचा फरक पडतो. किल्ल्यावरचा झेंडा नैऋत्येचा वारा दाखवत असताना खालचे ढग नैऋत्य आणि पश्चिम यांच्या मधून येताना दिसतात. यात विसंगती काही नाही. समुद्रावर घर्षण कमी असल्याने हा फरक लहान असतो. झाडी, घरे आणि डोंगर असलेल्या प्रदेशात तो वाढतो.

ढगांच्या हालचालीत सर्वांत फसवा प्रकार घाटमाथ्यावर पाहायला मिळतो. रत्नागिरीपासून आंबा घाटाचा माथा सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर आहे. ताशी ३५ किलोमीटरच्या वाऱ्याने हवा दीड तासाच्या आसपास तेथे पोचते आणि वर चढू लागते. चढताना ती थंड होते, बाष्पाचे थेंब बनतात आणि माथ्यावर ढगाची टोपी बसते. ती टोपी तासन्‌तास जागची हललेली दिसत नाही, तरी तिच्यातून वारा जोराने वाहत असतो. ढगाची पश्चिम कड सतत नवी बनत असते आणि पूर्व कड उतारावर सतत विरत असते. नदीतल्या खडकामागचा पाण्याचा फुगवटा जसा जागीच राहतो, पण त्यातले पाणी पुढे जाते, तसाच हा प्रकार आहे.

या चढ-उताराचा हिशेब पावसाच्या आकड्यांत उमटतो. जिल्ह्याच्या उत्तर भागातील खेडच्या ईशान्येला घाटमाथ्यावर असलेल्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेला १८-२० किलोमीटरवरच्या पाचगणीत तो त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी होतो आणि डोंगर उतरून वाईला पोचेपर्यंत काहीशे मिलिमीटरच उरतात. ढग दिशा बदलत नाहीत. वाटेत पाणी सांडून रिते होतात आणि उतारावर विरतात. घाटमाथ्यावरचे ढग प्रत्यक्ष ढगात उभे राहून मोजता यावेत, यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली.

पश्चिमेचा वारा अनेक तास त्याच दिशेने, त्याच जोराने येत राहिला तर काय होते, हे २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणने पाहिले. वाशिष्ठी नदीच्या पुरात शहर बुडाले. २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. ढग पुढे सरकत होतेच, पण प्रत्येक ढगाची जागा मागून येणारा नवा ढग घेत होता. डोंगर मात्र जागचा हलत नव्हता.

चक्रीवादळ : वळणारा वारा, फिरणारे ढग

परिवलनाचा परिणाम सर्वांत ठळकपणे दिसतो तो चक्रीवादळात. समुद्रावर कमी दाबाचे केंद्र तयार झाले की चहूबाजूंनी हवा त्याच्याकडे धावते. उत्तर गोलार्धात प्रत्येक बाजूची हवा आपल्या उजवीकडे वळते, त्यामुळे केंद्रावर न पोचता ती त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरू लागते. उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसणारी ढगांची वळणदार पाती म्हणजे या फिरत्या हवेचे चित्र. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांच्या पट्ट्यात हे वळण अतिशय दुबळे असते, म्हणून तेथे चक्रीवादळे क्वचितच जन्मतात.

अरबी समुद्रात ती मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र पुरेसा उबदार असूनही ती सहसा होत नाहीत. याचे कारण वर सांगितलेले दोन दिशांचे आकाश हेच आहे. खाली पश्चिमेचा आणि वर पूर्वेचा जोरदार वारा असला, की वाढू पाहणाऱ्या वादळाचा माथा एकीकडे आणि पाया दुसरीकडे ओढला जातो आणि त्याची उभी रचना टिकत नाही.

वादळ स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी पुढेही जाते. पुढे जाण्याची दिशा मुख्यतः सभोवतालच्या मोठ्या वाऱ्यांवर ठरते. त्यात परिवलनाचा आणखी एक सूक्ष्म हात असतो. उत्तरेकडे कोरिऑलिस बल वाढत जाते, त्यामुळे वादळाला वायव्येकडे सरकण्याचा किंचित कल मिळतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ हे चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० किलोमीटरपर्यंत आले आणि नंतर पश्चिमेकडे वळून ओमानच्या दिशेने निघून गेले. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ मात्र उत्तरेकडून ईशान्येला वळले आणि ११ तारखेला अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. समुद्र तोच, पण वादळांना नेणारे वारे वेगळे होते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रत्नागिरीच्या पश्चिमेकडून समुद्रावरून ईशान्येकडे सरकत गेले आणि दुपारी श्रीवर्धन परिसरात जमिनीवर आले. त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० किलोमीटरपर्यंत जात होते. वादळ ज्या दिशेने जाते, तिच्या उजव्या बाजूला फिरण्याचा आणि पुढे जाण्याचा वेग एकमेकांत मिळतो, डाव्या बाजूला तो वजा होतो. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली आणि मंडणगड हे तालुके नेमके उजव्या बाजूला आले. हर्णै, आंजर्ले, केळशी परिसरातील बागा आणि घरे यांची मोठी हानी झाली. रत्नागिरीजवळ समुद्रात उभे असलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटून मिऱ्याच्या किनाऱ्याला लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गुजरातकडे गेले, तेव्हा संपूर्ण कोकण किनारा त्याच्या उजव्या बाजूला होता.

या नियमाचा प्रत्यक्ष उपयोगही आहे. दक्षिणेकडून येणारे वादळ रत्नागिरीच्या पश्चिमेकडून समुद्रावरून जाणार असेल, तर वारा प्रथम पूर्वेचा किंवा आग्नेयेचा, मग दक्षिणेचा आणि शेवटी नैऋत्येचा होत जातो. तेच वादळ पूर्वेकडून, म्हणजे जमिनीच्या बाजूने जाणार असेल, तर वारा पूर्वेकडून ईशान्येला व उत्तरेला फिरतो. वारा एकाच दिशेने वाढत राहिला आणि दाब झपाट्याने उतरत गेला, तर वादळ सरळ अंगावर येत असल्याची ती खूण असते. उपग्रह नसलेल्या काळात नाविकांना वादळाची जागा ओळखण्यासाठी वाऱ्याची ही फिरती दिशा आणि वायुभारमापक एवढाच आधार होता.

उपग्रहातून वाऱ्याचे मापन

ढगांवरून वारा ओळखण्याची ही जुनी पद्धत आजही हवामानशास्त्राच्या केंद्रस्थानी आहे, फक्त निरीक्षक आता अवकाशात आहे. विषुववृत्तावर सुमारे ३५ हजार ८०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबर नेमक्या तिच्याच गतीने फिरतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने पृथ्वी स्थिर असते. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत ढग जितका सरकला, तितका वारा. २००२ मध्ये सोडलेल्या आणि पुढे कल्पना चावला यांचे नाव दिलेल्या ‘कल्पना-१’ उपग्रहाने हे काम केले. नंतर २०१३ मध्ये ‘इन्सॅट-३डी’, २०१६ मध्ये ‘इन्सॅट-३डीआर’ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘इन्सॅट-३डीएस’ अवकाशात गेले.

अवरक्त किरणांच्या साहाय्याने ढगाच्या माथ्याचे तापमान कळते आणि त्यावरून त्याची उंची ठरवता येते. त्यामुळे कोणत्या उंचीवरचा वारा मोजला गेला, हेही समजते. ज्या विस्तीर्ण समुद्रावर एकही वेधशाळा नाही, तेथील वाऱ्याची माहिती अशी मिळते. मुंबई आणि गोव्यातून सोडल्या जाणाऱ्या फुग्यांच्या नोंदी तिला जोडल्या जातात. वादळाला पुढे नेणारे वारे कोणते, हे या माहितीवरून ठरते आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लावायचा की मच्छीमारांना तातडीने परत बोलवायचे, हा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

आकाश पाहताना

सामान्य निरीक्षकालाही यातील बरेच काही उघड्या डोळ्यांनी पडताळता येते. त्यासाठी विजेचा खांब, माडाचा शेंडा किंवा घराची कौलारू कड असा एखादा स्थिर बिंदू घ्यावा आणि ढग त्याच्या मागून कोणीकडे सरकतो, हे दोन-तीन मिनिटे पाहावे. खालचे आणि वरचे ढग वेगवेगळे पाहावेत. उंचावरचा ढग प्रत्यक्षात वेगवान असूनही अंतरामुळे संथ वाटतो, हे ध्यानात ठेवावे. जमिनीवरचा वारा आणि खालचे ढग यांच्या दिशांत थोडा फरक आढळला, तर तो घर्षणाचा. खालचे आणि वरचे ढग एकमेकांच्या विरुद्ध जाताना दिसले, तर तो दोन वेगळ्या वाऱ्यांचा. डोंगरमाथ्यावरचा ढग हलत नसेल, तर तेथे वारा नाही असा निष्कर्ष काढू नये.

आकाशाच्या अशा वाचनाने हवामान खात्याच्या इशाऱ्याची जागा घेऊ नये. एका गावातून दिसणारे आकाश काही दहा किलोमीटरचे असते, तर वादळाचा पसारा शेकडो किलोमीटरचा. परंतु इशाऱ्यात सांगितलेली वाऱ्याची दिशा, वादळाची उजवी बाजू किंवा घाटमाथ्यावरील अतिवृष्टीची शक्यता यांचा अर्थ ज्याला कळतो, तो त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची शक्यता कमी असते. दरवर्षी १ ऑगस्टपासून, मासेमारीबंदी संपल्यावर, पुन्हा समुद्रात उतरणाऱ्या बोटींच्या दृष्टीने हा अर्थ केवळ कुतूहलाचा विषय नाही.